उसाच्या ट्रॅक्टरला ट्रकचा टर्बो नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाळप हंगाम तोंडावर आला की आमच्या पलूस-कडेगाव भागातल्या गॅरेजांत ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र, गेलेले बरेच मालक एकच मागणं घेऊन येतात: "मोठा टाका, दोन ट्रॉल्या झपाट्यानं ओढल्या पाहिजेत." मग भंगारातून आलेला ट्रकचा टर्बो फ्लँज जुळवून बसवला जातो. मी डिझेल इंजिनांचीच कामं करतो. हे थांबावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

भरलेल्या ट्रॉल्या काळ्या रानातल्या फडातून बाहेर काढताना इंजिनाचे फेरे मिनिटाला १२०० ते १५०० पर्यंत खाली येतात. खरी हवा त्याला तिथं लागते. टर्बो फिरतो सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम वायूवर, आणि कमी फेऱ्यांना तो वायूच कमी असतो. टर्बाइनचं, म्हणजे या वायूनं फिरणाऱ्या चाकाचं, हाउसिंग (कवच) मोठं असेल तर तो सैल निघून जातो, चाक वेग घेत नाही, बूस्ट म्हणजे हवेचा जादा दाब येत नाही. डिझेल मात्र पडतच राहतं. काळा धूर निघतो, गाडी दबते. त्यावर उपाय म्हणून कुणीतरी डिझेलचा पंप वाढवून देतो. तिथून पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही.

हिशेब अवघड नाही. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतं. म्हणजे ४ लिटरचं इंजिन टर्बोशिवाय १४०० फेऱ्यांना मिनिटाला फार तर २८०० लिटर हवा घेईल, २२०० फेऱ्यांना ४४०० लिटर. टर्बोनं दाब १.८ पट केला तरी हवा १.८ पट भरत नाही, कारण दाबली की ती तापते आणि तापली की फुगते. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर असतो तो यासाठीच. टर्बोचा हवा दाबणारा भाग म्हणजे कॉम्प्रेसर; किती हवेला तो किती दाब देतो याचा कंपनीनं काढलेला आलेख प्रत्येक कॉम्प्रेसरचा असतो. कमी आणि पूर्ण फेऱ्यांना लागणाऱ्या हवेचे आपले दोन्ही आकडे त्याच्या मधल्या भागात बसले पाहिजेत. सहा सिलिंडरच्या ट्रकचा कॉम्प्रेसर एवढ्या थोड्या हवेवर चालवला तर भार येताच हवा उलटी मारते, भकभक आवाज येतो आणि बेअरिंग मार खातं.

फार लहान टर्बोही नको. फडात तो झकास ओढेल, पण रस्त्यावर पूर्ण फेऱ्यांना वायू तुंबतो आणि मिनिटाला लाखावर फेरे घेणारं चाक मर्यादेबाहेर पळतं. वेस्टगेट असेल तर जादा वायू बाजूनं निघून जातो, नसेल तर हाउसिंगची निवड आणखी जपून करावी लागते.

तासगावच्या एका वाहतूकदाराचा नवा टर्बो त्याच हंगामात गेला. टर्बो अगदी बरोबर मापाचा होता. एअर क्लीनरपासून येणारा रबरी पाइप चिरलेला होता आणि फडातली धूळ थेट कॉम्प्रेसरच्या चाकावर जात होती. आधीचा टर्बो कशानं गेला हे बसवणाऱ्यानं पाहिलंच नव्हतं. ऑइलचा परतीचा पाइप तुंबला असेल तरी हीच गत होते. ड्रायव्हर मंडळींना एक विनंती: कारखान्यावर पोचल्या पोचल्या इंजिन बंद करू नका. दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू द्या, नाहीतर तापलेल्या शाफ्टवर ऑइल करपतं.

आमच्याच तालुक्यात किर्लोस्करवाडीला १९१० साली लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. इथल्या पोरांना यंत्र कळतं, हा आलेखही कळेल, फक्त कुणीतरी समोर बसून दाखवला पाहिजे. साखर कारखाने वाहतुकीचे करार करायला मालकांना बोलावतात, त्याच दिवशी आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक विभागातल्या निदेशकांना तासभर बोलू द्यावं. विक्रेत्यांनी बिलावर नुसतं 'टर्बो १ नग' न लिहिता पार्ट नंबर आणि तो कोणत्या इंजिनाचा आहे ते लिहावं. मालकांनीही तसं बिल हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक, पलूस (जि. सांगली)