पिंपाची गोष्ट लेबलावर नीट वाचा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील व्हिस्कीवरच्या लेखात पोर्ट वाइनच्या पिंपात मुरवलेल्या अमेरिकी बाटलीला सरळ ‘बर्बन’ (मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की) म्हटले आहे. म्हापशात माझे दारूचे दुकान आहे. मागच्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाने अशी बाटली ‘डुप्लिकेट’ म्हणून परत आणली, म्हणून हे पत्र.

बाटली खरीच होती. लेबलावर अंगठा ठेवून मी त्यांना एकेक शब्द वाचून दाखवला : ‘स्ट्रेट बर्बन व्हिस्की, फिनिश्ड इन पोर्ट वाइन बॅरल्स’, म्हणजे शेवटची मुरवण पोर्ट वाइनच्या पिंपात दिलेली बर्बन. हे अख्खे वाक्य छापावेच लागते. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका हवा आणि मुरवण आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या भांड्यात हवी. पुढे तीच दारू वाइन पिऊन बसलेल्या जुन्या पिंपात ओतली, की अमेरिकी कायदा तिला निव्वळ बर्बनच्या वर्गात ठेवत नाही, ‘स्पेशालिटी’त टाकतो. मूळ दारू कोणती आणि पुढे काय केले, हे मग लेबलावर सांगावे लागते. मला हा नियम फार पटतो. गिऱ्हाइकाला कळायलाच हवे.

स्कॉटलंडचे उलटे. तिथे शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात शेवटचे काही महिने काढले तरी ती स्कॉचच. ओकचे पिंप ७०० लिटरच्या आत हवे, मुरवण किमान ३ वर्षे. २०१९ पासून टकिलाची पिंपेही चालतात.

कृपया लेखात दुरुस्ती छापावी.

— एक दुकानदार, म्हापसा