फोटोतल्या त्या ग्लासाबद्दल

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतंय, खोकला गेला, म्हणजे तुमचे नेहमीचे प्रश्न संपले. आता खरा विषय.

काकूंनी तो फोटो झूम करकरून तुला दाखवला हे ताईने सांगितलं. हो आई, ग्लासात वाईनच होती, पण आधी पूर्ण वाच आणि मग काय बोलायचं ते बोल. विन्यो व्हेर्दे म्हणतात तिला, ब्रागाच्या आजूबाजूच्या, उत्तर पोर्तुगालच्या ह्याच मिन्यो भागातली, 1908 मध्ये त्या भागाची हद्द सरकारने आखून दिली आणि हद्दीबाहेरच्या वाइनला ते नाव लावता येत नाही. साधी पांढरी घेतली तर अल्कोहोल 9 ते 11 टक्के. काकांच्या कपाटातली फेणी 40 च्या वर असते, ती काकूंनी कधी झूम केलेली मला आठवत नाही.

आणि इथली दुपारची पद्धत समजून घे, मलाही आधी झेपली नव्हती. ऑफिसमधले सगळे खालच्या खानावळीत जेवतात, दिवसाचं ठरलेलं ताट, आधी सूप, मग मासे नाहीतर मटण, आणि त्याच पैशात पाणी किंवा वाईन, जे हवं ते. भर दुपारी! साहेबसुद्धा घेतात, आणि अकाउंट्सच्या साठीला आलेल्या बाई अर्धा ग्लास घेऊन परत जाऊन हिशोब लिहितात, चूक एक नाही. दुसरा ग्लास कोणी भरत नाही, नुसती पीत कोणी बसत नाही, समोर ताट पाहिजेच. पिण्यापेक्षा वाद जास्त, कुठल्या माशाला कुठली. पोंत द लिमाकडची लोरेइरू जातीच्या द्राक्षाची असेल तर तिला फुलांचा वास येतो, ती हलक्या जेवणाला. मोंसाव-मेलगासूची आल्व्हारिन्यो जरा जड, पीच आणि संत्र्याच्या सालीची चव, ती ऑक्टोपसला नाहीतर भाजलेल्या खारवलेल्या कॉडला. नदीपलीकडे स्पेन, तिथेही हेच द्राक्ष, पण ते इथे बोलून दाखवायचं नाही. साधी वाईन कैरीच्या फोडीसारखी जिभेच्या कडेला आंबट लागते आणि किंचित फसफसते, तो गॅस पूर्वी बाटलीत आपोआप व्हायचा, आता बहुतेक कंपन्या वरून घालतात. थंडगार आणि ताजीच प्यायची, वर्षानुवर्षं ठेवायची भानगड नाही (आल्व्हारिन्यो सोडून).

त्या फोटोत ताटात काय होतं ते काकूंनी दाखवलंच नसेल. शिंपल्यांतल्या तिसऱ्या होत्या! ऑलिव्ह तेल, लसूण, कोथिंबीर, लिंबू आणि थोडी पांढरी वाईन, बस. खोबरं नाही, मसाला नाही. सगळ्या संपवल्या. तू करतेस तशा नव्हत्या, एवढंच लिहिते आणि पुढे जाते.

मागच्या रविवारी मी इथल्या तारलीचं तिखलं केलं, तिरफळं तूच दिलेली. ऑफिसमधल्या एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं पण तो थांबला नाही, लोरेइरू बरोबर होती ना, हलक्या आंबट वाइनपुढे आपलं तिखट जरा नमतं. जड वाईन असती तर आणखी भडकलं असतं. इथे जूनमध्ये सांव जुआंवच्या रात्री रस्त्यावर तारल्या भाजतात, पावावर ठेवून खातात आणि लोक एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे मारत फिरतात, त्याचेही फोटो येतील, तेव्हा मला कोणी मारतंय म्हणून फोन करू नका.

बाबा, कौलांचे पैसे आज टाकलेत, दोन दिवसांत दिसतील. बाटली चार-पाच युरोची असते आणि चौघांत असते, उगाच हिशोब मांडत बसू नका. ताईच्या साखरपुड्याला मला जमणार नाही, रजा लग्नासाठी राखून ठेवलीय. हे फोनवर सांगणार होते पण तू लाडवांचं बोलायला लागलीस. शालू माझ्याकडून, किंमत बघू नको. पुण्याच्या स्थळाला माझ्याकडून अजून हो नाही आणि नाहीही नाही, आणि फोटो त्यांच्यापर्यंत पोचला असेल तर राहू दे, आधीच कळलेलं बरं. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की आधी सांगा, मागच्यासारखं सगळं झाल्यावर नको, मी इथून काही करू शकत नसले तरी.

तुमची,
धाकटी