जुनं लायसन्स, नवा बोर्ड : सरांना जाहीर आभार

सोलापूर

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

अशोक चौकातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानातलं मुख्य मशीन सुरळीत चालू आहे. मदरबोर्ड बदलला तरी त्यावर विंडोज 11 प्रो ॲक्टिव्हेट आहे आणि लायसन्सपोटी एक रुपयाही नव्यानं भरावा लागला नाही. हे सगळं तुम्ही जुळवून दिलंत, त्याचे पैसे घेतले नाहीत, आभार मानायला लागले तर "असू द्या हो" म्हणून उठलात. म्हणून हे जाहीरपणे लिहिते. आमच्या धंद्यातल्या चार जणांच्या उपयोगी पडेल, हाही हेतू आहेच.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, आणि 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय. म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच बदलणं आलं, तेही ऐन लग्नसराईत. मराठी आणि तेलुगू पत्रिकांचे प्रूफ टेबलावर पडलेले. असेंबल करून देणाऱ्यानं ठणकावून सांगितलं, "बोर्ड बदलला की जुनं लायसन्स गेलं. नवीन घ्या, नाहीतर क्रॅक, म्हणजे बिनलायसन्सचं, टाकून देतो, सगळे तेच वापरतात."

तुम्ही तिथंच घरच्या पत्रिकेचं प्रूफ वाचत बसला होता. चष्मा न काढताच म्हणालात, "आधी ते लायसन्स कुठल्या जातीचं आहे, ते तर बघा की."

मग तुम्ही काळी खिडकी उघडून 'एसएलएमजीआर /डीएलआय' ही कमांड दिलीत. उत्तरात 'रिटेल' असं आलं. आमच्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे मशीनला लावायची छोटी किल्ली, जसा या मशीनचा काढून त्या मशीनला लावता येतो, तसंच रिटेल लायसन्सचं, हे तुम्ही तिथंच समजावलंत. अट एकच, एका वेळी एकच मशीन. पण डोंगल हातात धरता येतो. डिजिटल लायसन्सची ओळख मुख्यतः मदरबोर्डावरून पटते, म्हणून बोर्ड बदलला की विंडोजला ते मशीन अनोळखी वाटतं. त्यावरचा उपाय जुना बोर्ड चालू असतानाच करून ठेवायचा: लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडायचं. ही सोय 2016 पासून आहे आणि आम्हाला आजवर कुणी सांगितली नव्हती. तुम्ही मशीनचं नावही बदलायला लावलंत, 'डेस्कटॉप' आणि पुढं काहीबाही अक्षरं होती, त्याजागी 'पत्रिका'. त्या वेळी मला ते हौसेचं वाटलं.

नवा बोर्ड बसला. असेंबलवाल्यानं पेनड्राइव्हवरून विंडोज 11 ची होम आवृत्ती टाकून दिलं होतं. तुम्ही ते पाहिलंत आणि पुन्हा इन्स्टॉल करायला लावलंत, कारण लायसन्स प्रोचं, तर विंडोजही प्रोच हवं. प्रॉडक्ट की, म्हणजे लायसन्सचा नंबर, मागितल्यावर 'माझ्याकडे की नाही' निवडून पुढं जायचं आणि यादीतून प्रो घ्यायचं. नंतर सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन, ट्रबलशूट, आणि तिथं 'या डिव्हाइसचं हार्डवेअर अलीकडे बदललं' हा पर्याय. अकाउंटवरच्या मशीनची यादी आली. माझं, मुलाचं, घरचा लॅपटॉप. त्यात 'पत्रिका' लगेच सापडलं. टिक केली, बटण दाबलं आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही फिकट अक्षरं गेली.

जुना बोर्ड भाच्याला द्यायचा होता. त्यावर हेच लायसन्स चालवायचं नाही, असं तुम्ही बजावलंत आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाकून दिलंत. तो त्याच्यावर मजेत अभ्यास करतोय. निदान तसं म्हणतो तरी.

पण सर, मला जास्त कौतुक वाटलं ते तुमच्या 'नाही'चं. आमच्या ह्यांच्या ऑफिसातला ब्रँडेड कॉम्प्युटर तुम्हाला दाखवला, तिथं कमांडचं उत्तर 'ओईएम' आलं. कंपनीनं मशीनसोबत दिलेलं लायसन्स, त्याची की मशीनच्या बोर्डावरच्या बायोसमध्येच, ते त्या मशीनबरोबरच राहणार. बिघडला म्हणून बोर्ड बदलला तर चालतं, पण आणखी जोरकस हवा म्हणून बदलला तर नवीन लायसन्स घ्यावं लागतं. ह्यांनी "काहीतरी मार्ग असेलच" म्हणून बराच आग्रह धरला. तुम्ही हसलात, पण हललात नाही. "प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, 11 चालेल. रॅम वाढवा, एसएसडी घाला, बोर्डाला हात लावू नका." तेवढंच केलं. विंडोजनं तक्रार केली नाही, आणि ह्यांनीही सोडून दिलं.

आता एक काम आहे. शेजारच्या फ्लेक्सवाल्यांना तुमच्याविषयी सांगितलं, तर तेही मशीन बदलायला निघालेत. त्यांचा विंडोजचा डबा हरवलाय, पण पावती मेलमध्ये आहे म्हणतात. बोर्ड अजून काढलेला नाही, मी थांबवून ठेवलंय. दुपारी तीननंतर दोघंही दुकानात असतो. सवडीनं फोन करून या.

तुमची आभारी,
अशोक चौकातली डीटीपीवाली