घरातली पंधरा मिनिटं : आमच्या शब्बाथ शाळेच्या (चर्चमधल्या रविवारच्या बायबलवर्गाच्या) बाईंना

आदरणीय बाई,

प्रभूमध्ये सलाम.

इंदुरातल्या आम्हा मराठी ख्रिस्ती घरांना कौटुंबिक उपासनेची घडी तुम्ही बसवून दिलीत. तोंडी आभार मानले तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलाल, म्हणून हे उघड पत्र. ज्या घरांत अजून सुरुवात झालेली नाही त्यांनाही उपयोगी पडावं, म्हणून सगळं तपशिलासकट लिहितो आहोत.

पहिले आभार, तुम्ही घराघरांतून काढलेल्या भीतीबद्दल. बायबलातल्या निर्गम २० मधलं, बापांच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते हे वचन वाचलं की आजोबांचं दारूचं व्यसन, वडिलांचं कर्ज, सगळ्याला 'घराण्याचा शाप' म्हणायची सवय लागते. तुम्ही आधी त्याच वाक्याचा पुढचा भाग वाचायला लावलात, तिथे दया हजारो पिढ्यांपर्यंत जाते. मग यहेज्केल १८ : आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा चालणार नाही. आणि मग यहूदाच्या राजांची ओळ. हिज्कीया देवभीरू, त्याचा मुलगा मनश्शे मूर्तिपूजेत बुडालेला, नातू आमोन तसाच, आणि पणतू योशीया देवाकडे वळलेला. एकाच घराण्यात चार पिढ्या आणि दोन वळणं! परिणाम वारशाने येतात, दोष येत नाही, हे तुम्ही इतकं स्पष्ट सांगितलंत की व्यसनी बापाची मुलं मान वर करून बसू लागली. ज्यांची मुलं विश्वासापासून दूर गेली त्या आईबापांना तुम्ही १ शमुवेल ८ दाखवलंत. शमुवेल संदेष्ट्यासारख्या माणसाचे मुलगे लाच खाणारे निघाले. तेव्हा मुलं चांगली निघाली म्हणून मिरवू नये, आणि नाही निघाली म्हणून स्वतःला जाळत बसू नये.

आता पंधरा मिनिटांची रीत. वेळ जेवणाआधीची. जेवणानंतर लहानं पेंगतात आणि मोठ्यांच्या हातात मोबाइल येतो. शनिवारी सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जायचं असेल तर निघण्याआधी, परतल्यावर होत नाही. एका गाण्याची दोनच कडवी, दहा-बारा वचनं, एक प्रश्न, आणि प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना. सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून : सोळा अध्याय, या वेगाने साधारण दोन महिन्यांत पूर्ण होतात. उत्पत्तीपासून उत्साहाने निघालेली घरं लेवीयमधल्या नियमांत अडकतात आणि तिथेच बंद पडतात. मार्क झाला की नीतिसूत्रे, एकतीस अध्याय, महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक, आणि त्यातली निवडक दहा वचनं.

गाणं 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं, शक्यतो कवी ना. वा. टिळकांचं, हा तुमचा आग्रह आम्हाला आता पटतो. टिळक १९१९ साली गेले, त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे काव्य पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, आणि त्यांची भजनं आज पणतवंडांच्या वयाची मुलं पेटीवर म्हणतात.

वाचन मुलाने करायचं, बापाने नाही, ही यातली कळीची गोष्ट. आमच्या मुलांचं शिक्षण हिंदी-इंग्रजीत, त्यामुळे मराठी बायबल अडखळत वाचलं जातं. तिथे लगेच दुरुस्ती केली की मूल दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात घेत नाही. हिंदी बायबल शेजारी ठेवावं, वचन आधी त्यात बघू द्यावं, मग मराठीत वाचू द्यावं. आणि प्रश्न मुलाने विचारायचा. यहोशवा ४ मध्ये यार्देन नदीतून आणलेले बारा धोंडे गिलगालात उभे केले, ते मुलांनी "हे कशासाठी?" असं विचारावं म्हणूनच. उत्तर येत नसेल तर "उद्या बघून सांगतो" म्हणावं आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगावं. दोनदा टाळलं की प्रश्न येणं थांबतं.

प्रार्थनेची वही दोनशे पानी. डाव्या पानावर तारीख आणि मागणं, उजवं पान कोरं. उत्तर आलं की तारीख घालून उजवीकडे लिहायचं. 'नाही' हेही उत्तरच, तेही लिहायचं, नाहीतर मूल समजतं की देव फक्त परीक्षेत पास करतो. शेजाऱ्याचं एक तरी मागणं रोज असावं.

पण या पंधरा मिनिटांवर दिवसाचे बाकीचे तास पाणी ओततात, हे तुम्ही कधी लपवलं नाहीत. फोन वाजतो आणि बाप म्हणतो, "सांग, बाबा घरी नाहीत." त्या संध्याकाळी कुठलंही वचन वाचा, मूल फोनवरचंच वाक्य लक्षात ठेवतं. यावर तुमचा नियम कडक : चूक ज्याच्यासमोर झाली त्याच्यासमोरच, त्याच दिवशी कबूल करायची, आणि वाक्यात 'पण' येऊ द्यायचा नाही. पैसा दुसऱ्याचा असेल तर नुसता पश्चात्ताप पुरत नाही, जकातदार जक्कयाने चौपट परत देऊ केलं होतं. दानाचंही तसंच. चर्चच्या दारात बापाने हातात कोंबलेलं नाणं मुलाचं नसतं. पन्नास रुपये खाऊला मिळाले तर त्यातले पाच आधी, त्याच्याच हाताने, वेगळ्या पाकिटात.

आणि एकट्याने हे चालवणाऱ्या आयांना तुम्ही पौलाचा सोबती तीमथ्य याचं घर दाखवलंत. बाप हेल्लेणी (ग्रीक), विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. घरातला पुरुष बसत नसेल तर त्याच्यावर ओरडून उपासना सुरू करू नका, खुर्ची रिकामी ठेवा आणि दार उघडं, हे तुमचं सांगणं कित्येक घरांत भांडण टाळून गेलं.

एक विनंती आहे. यापुढे बाळाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी आईबापांना वाचनाचं पहिल्या वर्षाचं वेळापत्रक द्यायचं ठरवलं आहे. झेरॉक्स आम्ही काढू, मूळ प्रत मात्र तुमच्या अक्षरात हवी. पुढच्या रविवारी उपासनेनंतर कागद घेऊन येतो.

आपले नम्र,
शब्बाथ शाळेचे शिक्षक, इंदूर