रूट ६६ वरून

सेलिगमन, अ‍ॅरिझोना

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

आम्ही सगळे मजेत आहोत. पोरांची तब्येत उत्तम, गाडीही ठणठणीत.

बाबा, हा रस्ता तुम्ही पाहायलाच हवा. १९२६ मध्ये सुरू झालेला, शिकागोपासून सांता मोनिकाच्या समुद्रापर्यंत आठ राज्यांतून जाणारा, जवळजवळ चार हजार किलोमीटरचा. १९३० नंतर धुळीच्या वादळांनी शेती बुडाली, तेव्हा ओक्लाहोमाकडची कुटुंबं गाद्या-भांडी गाडीवर बांधून याच वाटेने कॅलिफोर्नियाला पोट भरायला गेली. पुढे शेजारून रुंद हायवे झाले आणि १९८५ मध्ये रूट ६६ सरकारी यादीतून निघाला. आता तुकडे उरलेत. मधेच हायवेत मिसळतो, मधेच माळरानात एकटाच जातो.

मी सेलिगमनवरून लिहितेय ते मुद्दाम. १९७८ मध्ये गावाबाहेरून हायवे सुरू झाला आणि इथली वाहतूक एकदम बंद पडली. गावचे न्हावी एंजल डेलगाडिलो यांनी १९८७ मध्ये लोकांना जमवून संघटना उभी केली आणि सरकारच्या मागे लागून इथून किंगमनपर्यंतच्या रस्त्याला ऐतिहासिक दर्जा मिळवून दिला. आज जगभरची माणसं इथे थांबतात. एका न्हाव्याने पुढाकार घेतला म्हणून गाव जगलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि माणसं किती अगत्याची! न्यू मेक्सिकोत टुकुमकारीला एका छोट्या खानावळीत आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर मालकीणबाई स्वतः आत गेल्या. तव्यावर टॉर्टिया गरम केल्या, वर राजम्यासारखी डाळ आणि भाजलेली हिरवी मिरची. मिरचीची काळी साल त्यांनी आमच्यासमोर बोटांनी सोलली. आई, वास अगदी आपल्या ठेच्याचा! मी पिशवीतून तुझी लवंग शेव काढून त्यांच्या ताटलीत घातली. त्यांनी ती डाळीवर पसरून खाल्ली, मग आतून त्यांच्या म्हाताऱ्या आईला बोलावलं. आजींना इंग्रजी जेमतेम येत होतं. धाकटीला मांडीवर घेऊन त्या स्पॅनिशमध्ये बोलत राहिल्या आणि ही मराठीत उत्तरं देत राहिली. निघताना मिरच्यांची पुडी दिली, पैसे घेईनात.

बाबा, सगळ्या वाटेत मला आपला एबी रोड, म्हणजे जुना आग्रा-बॉम्बे रस्ता, आठवत होता. इंदूरहून आत्याकडे धुळ्याला जाताना मानपूरचा घाट, खलघाटला नर्मदेत नाणं टाकायला थांबणं, सेंधव्याचा चहा, मग बिजासनचा घाट. आता बायपास आणि चौपदरीकरणामुळे ते थांबे मागे पडले असतील. तुम्ही नोकरीत असताना कुठल्या ढाब्यावर उतरायचात, ट्रकवाले काय सांगायचे, आठवेल तसं वहीत लिहून काढा. आत्यालाही विचारा. दिवाळीत इंदूरला आलो की पोरांना घेऊन जुन्या रस्त्यानेच धुळ्याला जाऊ. कुठे कुठे थांबायचं, ती यादी तुमची.

आई, शेव मात्र संपली.

तुमची,
लाडकी लेक