मागची पडवी मला हवी आहे

पणजी

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

बाबा, कलाशिक्षक भरतीची जाहिरात पोचली. शेवटच्या तारखेखाली तुम्ही ओढलेली लाल रेघही पाहिली. मी अर्ज करणार नाहीये. फोनवर हा विषय निघाला की आपले दोघांचे आवाज चढतात आणि आई मध्येच "जेवलंस काय गो?" विचारून तो मिटवते, म्हणून पत्र लिहितेय. शिवाय तुमच्याकडे काही मागायचंय. ते शेवटी.

परवा काकांनी विचारलं, टाइल रंगवायचा छंद अजून चालू आहे का. छंद होता तो गणपतीच्या शाळेत. दप्तर घरात टाकून मी तिथे पळायचे आणि शाडूच्या मूर्तीच्या पीतांबराचा काठ रंगवायला मिळाला की दिवस सार्थकी लागायचा. डोळ्यांची आखणी माझ्या हाती कधी दिली नाही, आणि ते योग्यच होतं. येताना लाकडी खेळण्यांच्या चितारआळीतून यायचा माझा हट्ट असायचा, आठवतंय ना? लाकडी पेरूच्या एकाच बाजूला लाली कशी चढवतात ते मला पाहायचं असायचं. पुढे राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे पाहिले. दशावतारी संच १२० पानांचा, प्रत्येक अवताराची बारा पानं, आणि त्या एवढ्याशा गोल पानावर न थरथरणारी रेघ. आज माझा हात चालतो तो त्या बघण्यामुळे. जे.जे.त मी माती आणि भट्टी शिकले, रेघ मात्र सावंतवाडीची आहे.

तुम्हाला वाटतं तयार टाइलवर रंग लावला की झालं. तसं नाही. एकदा भाजलेल्या टाइलवर पांढऱ्या ग्लेझचा, म्हणजे भट्टीत काचेसारख्या होणाऱ्या लेपाचा, थर देतात. तो वाळला की खडूच्या भुकटीसारखा होतो आणि कुंचल्यातलं पाणी टेकताक्षणी शोषून घेतो. हात रेंगाळला की तिथे डाग. पुसायची सोय नाही. त्याआधी कागदावरच्या चित्राला सुईनं बारीक भोकं पाडायची, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची, की टाइलवर ठिपक्यांचा खाका उतरतो. कोळसा भट्टीत जळून जातो, रंग राहतो. गंमत म्हणजे कोबाल्ट ऑक्साइड लावताना काळं दिसतं. निळं काय झालंय ते भट्टी उघडल्यावरच कळतं. ती १००० अंशांच्या आसपास जाते आणि मग आपणहून थंड होऊ द्यावी लागते. घाई केली तर टाइल तडकते.

मागे इथे आलात तेव्हा आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत नेलं होतं. भिंतभर टाइलांवरची निळी चित्रं, जोर्जे कोलासो या पोर्तुगीज चित्रकारानं १९३५ मध्ये केलेली. पोर्तुगालमधल्या पोर्तू शहराच्या साँ बेंतू रेल्वे स्टेशनातली सुमारे २०,००० टाइलांची चित्रं त्याचीच. तुम्ही म्हणालात, "एवढी मेहनत आणि रंग एकच?" तेव्हा मी नुसती हसले होते. उत्तर आता देते. एकाच कोबाल्टमध्ये पाणी कमीजास्त करून त्यानं आभाळ, समुद्र आणि माणसांचे चेहरे वेगळे काढले आहेत. मला अजून चेहऱ्याची सावली तशी जमत नाही. जमेल.

आता पैशाचं. माझं पोट घरांच्या पाट्या भरतात. नाव, घरनंबर, कडेनं वेल. देवनागरीत, रोमीत, कधी दोन्हीत. खालोखाल तुळशीवृंदावनाच्या टाइल्स, आणि सांत अँथनी. आई, हो, मी सांत अँथनी रंगवते. कडेवर बाळ येशू, हातात लिलीचं फूल. बाळाचं बोट रंगवताना तुझ्या बाळकृष्णाची आठवण येते. मोठी भिंत क्वचित मिळते, आणि हॉटेलवाले पैसे रडवून देतात. म्हणून आता अर्धी रक्कम आधी घेतल्याशिवाय कुंचला उचलत नाही. छापील टाइल्स माझ्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. ज्याला एकसारख्या शंभर हव्यात त्यानं त्याच घ्याव्यात, मी भांडत नाही. पण जुन्या घरातली फुटलेली एकच टाइल तंतोतंत जुळवून हवी असेल, तर छापखान्याचा उपयोग नसतो. हे काम मला सगळ्यात आवडतं आणि पैसेही त्यातच बरे मिळतात. निळा जुळतो हो, जुना पांढरा जुळवताना जीव जातो.

जास्वंदीचा वेल काढून काढून कंटाळा येतो, हेही खरं. गिऱ्हाइकाला तोच हवा असतो. शाळेत शिकवतानाही दरवर्षी तेच शंकू आणि घनच असले असते, नाही का? आकडे इथे लिहीत नाही, हिशेबाच्या वहीची झेरॉक्स सोबत आहे. बाबा, तुम्ही तपासालच. लाल पेन चालेल.

तर मागणी. इथे जागेचं भाडं वाढतंय आणि मोठी भट्टी मावत नाही. आपल्या घराची मागची पडवी मला द्या. पाट्यांचं काम इथेच राहील, मोठ्या भिंतींच्या टाइल्स तिथे भाजेन. मोठ्या भट्टीला थ्री-फेज जोडणी लागते. मीटर बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे महावितरणच्या अर्जावर सही तुमची. वाशांपासून आणि भिंतीपासून किती अंतर सोडायचं ते मी येऊन आखून देईन. आई, भट्टी लागेल त्या दिवशी सोलं आणि नारळ पुढच्या खोलीत हलवावे लागतील. रंगांची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मी मास्क लावते, ग्लेझ बिनशिशाचं वापरते, तेव्हा ती काळजी नको.

आणि भाडं मी देणार, पोरीकडून कसलं भाडं असं म्हणायचं नाही. रक्कम तुम्ही दोघांनी ठरवा. काकांना विचारू नका.

तुमची,
बाय