पायाशी खोल, पलीकडे उथळ

पेडणे,
रविवार रात्र

चि. मनूस, अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू न जेवताच बस धरलीस. आईने केलेलं हुमण तसंच राहिलं. त्या बोटीवरच्या कामाला मी उनाडकी म्हणालो, ते माझं चुकलं. ग्रँड बेटाजवळ माझी मुलगी समुद्रात बुडी मारून लोकांना मासे दाखवते, हे मी बाजारात चारचौघांना सांगतो. तुलाच सांगत नाही.

पाण्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. तरी ऐक. अगदी वरून पाहिलं तरी 12 फुटांचं पाणी 9 फुटांचं भासतं. किरण पाण्यातून हवेत येताना वाकतो, डोळ्याला वाटतं तो सरळच आला. तिरकं पाहिलं की तळ आणखी वर उचलतो. म्हणून तळीचा तळ सपाट असला तरी काठावरून पायाशी खोल आणि पलीकडे उथळ दिसतं. ही आकृती मी 30 वर्षं फळ्यावर काढली.

आबांना फळा लागला नाही. चढणीच्या माशांना बत्ती घेऊन वहाळावर जायचो, तेव्हा म्हणायचे, मासा दिसतो तिथे नाही, त्याच्या खाली कोयता घाल. विलासचा घाव कधी चुकला नाही. तोच विलास पुढच्या श्रावणात चिरेखाणीत उतरला. पाऊस आठ दिवस थांबलेला, पाणी निवळलेलं, पलीकडचा तळ स्पष्ट दिसत होता. "छातीइतकंच आहे, जा," असं मी म्हटलं होतं. हे आईलाही ठाऊक नाही.

तुझ्या मास्कमध्ये हवा असते, म्हणजे तिथेही तेच. चार हातांवरचा खडक तीन हातांवर वाटतो, आणि मोठा. बरोबरचा माणूसही दिसतो त्याहून लांब असतो. हे तुला शिकवलेलं असणारच. पुन्हा वर्ग घेतला, रागावू नकोस.

तू फोनवर म्हणालीस, खालून वर पाहिलं की सगळं आकाश एका गोलात मावतं आणि भोवती आरसा. ते ऐकून रात्री झोप आली नाही. 48 अंशांच्या पुढे किरण बाहेर पडत नाही हे मी शेकडो मुलांना घोकायला लावलं. ते गोल आकाश पाहिलंस तू.

खोली मनगटावरच्या यंत्रात बघ, डोळ्यांवर जाऊ नकोस. मंगळवारी सकाळच्या बसने सोलं आणि कुळथाचं पीठ पाठवतो. आणि बोटीवर चढलीस की एक मिस्ड कॉल दे. रोज दे.

तुझा,
बाबा